मानाचे तीन अँटीव्हायरस

आमच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एकाच वेळी तीन अँटीव्हायरस होते आणि तिन्ही मानाचे होते.

आता तुम्ही म्हणाल, अँटीव्हायरसला कसला आलाय मान? तर मग तुम्ही आमच्या भागातलं लग्न बघितलेलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे, पण केज तालुक्यात मला ओळखतात ते माईकवरचा माणूस म्हणून. आमच्याकडं लग्न लागायच्या आधी आलेल्या मंडळींची नावं माईकवरून घ्यावी लागतात. आजी सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, नवरीचे मामा, नवरदेवाचे मामा, मामांचे मित्र. कुणाला फेटा, कुणाला टॉवेल-टोपी. नवरा-नवरी घामाघूम होऊन उभे, भटजी घड्याळ बघतायत, आणि मी आपला यादी वाचतोय! एकदा युसूफ वडगावच्या एका लग्नात नवरीच्या आत्याच्या दिराचं नाव माझ्याकडून राहिलं. ते गृहस्थ ताटावरून उठले, त्यांच्यामागं अख्खी पंगत उठली, आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या घरी जाऊन नारळ द्यावा लागला. तेव्हापासून मी कानाला खडा लावला, की नाव कुणाचंच गाळायचं नाही. हा नियम लग्नात कामाला येतो. कॉम्प्युटरमध्ये येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

कॉम्प्युटर आम्ही घेतला तेव्हा आमची रोहिणी आठवीत होती. आता ती पालीला सासरी आहे आणि तिचं पोरगं घरभर पळतंय, म्हणजे कॉम्प्युटरचं वय तुम्हीच ठरवा. सीपीयूवर बायकोनं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर, मॉनिटरच्या कपाळावर दसऱ्याचं हळदीकुंकू. बटण दाबलं की आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायचा आणि समोर चित्र दिसेपर्यंत माझी अंघोळ उरकायची. तरी मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. मीही हल्ली उठल्या उठल्या लगेच चालू होत नाही.

या कॉम्प्युटरवर खरं काम करायची ती माझी बायको, मंगल. तिला मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची होती. गावातल्या मुलींच्या वसतिगृहात लिपिकाची जागा रिकामी होणार होती आणि तिथल्या बाईंनी तिला सांगितलेलं, तीस शब्दांचं सर्टिफिकेट आणा, जागा तुमचीच समजा. पण गोष्ट एवढीच नव्हती. हीच परीक्षा मंगलनं लग्नाआधी एकदा भरली होती, तेव्हाच्या खडखड मशीनवरची. सहा महिने क्लास केला, हॉलतिकीट आलं, आणि आमच्या घरच्यांनी नेमकी पेपरच्या दिवशीच लग्नाची तारीख धरली. (मी तोंड उघडलं नाही. नवरदेवानं तारखेत बोलायची पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला परीक्षेचं माहीतच नव्हतं.) पंचवीस वर्षांत याबद्दल ती मला कधी टोचून बोलली नाही. फक्त दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मी गजरा घेऊन आलो की गजरा घ्यायची आणि म्हणायची, आज माझा पेपर होता.

यंदा तिनं पुन्हा फॉर्म भरला. शनिवारी केजला क्लास, बाकीचे दिवस दुपारची भांडी उरकली की घरी सराव. क्लासच्या मॅडमनी आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर सरावाचा एक प्रोग्राम टाकून दिला होता. समोर उतारा यायचा, कोपऱ्यात घड्याळ पळायचं आणि शेवटी मिनिटाला किती शब्द झाले ते दिसायचं. पोळ्या लाटतानासुद्धा तिची बोटं पोळपाटावर टाइप करायची. बावीसवरून ती सत्तावीसवर आली होती. परीक्षा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, मधे बारा दिवस. आणि त्या रविवारी सकाळी मी कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला.

पेनड्राइव्हमध्ये काही वाईट नव्हतं. लग्नात माईकवर म्हणायच्या माझ्या चारोळ्या होत्या. (त्या वाईट आहेत असं मंगल म्हणते, पण तो विषय वेगळा.) त्यांची प्रिंट काढायला मी माझ्या चुलतभावाच्या, विष्णुअण्णांच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलतो. तिथं दिवसभरात गावातले सगळे पेनड्राइव्ह एकाच भोकात जाऊन येतात. माझाही जाऊन आला, आणि येताना एकटा आला नाही. घरी लावला तर माझ्या सगळ्या फोल्डरांच्या जागी बाणाची चित्रं! एकावर क्लिक केलं तर दोन झाली. दोनावर केलं तर चार झाली. मी म्हटलं, चारोळ्या वाढतायत, चांगलं आहे.

दुपारी मंगल सरावाला बसली. 'महाराष्ट्र' टाइप केलं, पदराला हात पुसले, चष्मा सारखा केला, तेव्हा कुठं पडद्यावर 'म' उमटला. पाच मिनिटांनी घड्याळानं सांगितलं, मिनिटाला नऊ शब्द. तिनं काही आदळआपट केली नाही. शांतपणे मला म्हणाली, "शनिवारी क्लासला गेले की मॅडमला इचारते. त्या सांगतील तसं करू. तवर तुमी ह्याला हात लावू नका."

इतकं सरळ मराठीत सांगितलेलं होतं. पण ती हे सांगत होती तेव्हा माझा अंगठा आधीच मोबाइलवर चालत होता. घरच्या ग्रुपवर मी लिहिलं: 'जुन्या कॉम्प्युटरसाठी हलका अँटीव्हायरस कोणता घ्यावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.' उत्तरादाखल चार जणांनी शुभ सकाळ घातलं, एकानं माझं अभिनंदन केलं (कशाबद्दल ते अजून कळलेलं नाही), आणि तिघांनी 'आपण स्वतः लक्ष घालतो' म्हणून कळवलं.

पहिले आले विष्णुअण्णा. त्यांचं आणि माझं बांधावरून सात वर्षं बोलणं नव्हतं. गेल्या पाडव्याला कुठं समेट झालेला, त्यामुळं अण्णांनी पाणी मागितलं तरी मी सरबत करायचो. ते दुकानातला त्यांचाच पेनड्राइव्ह घेऊन आले आणि म्हणाले, "बाळ्या, ह्यो टाक. लई हलका हाय." मी विचारलं, हलका म्हणजे नेमका कसा. अण्णा म्हणाले, म्हणजे टाकलाय का न्हाई ते कळतबी न्हाई. मला हे पटलं. टाकला. सोमवारी मंगलचे शब्द नऊवरून चौदावर गेले. इथं मी थांबलो असतो तर तुम्हाला हे वाचायला मिळालं नसतं.

मंगळवारी फोन आला दत्ताचा. दत्ता म्हणजे मंगलचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. राहतो कडा गावात आणि उसाच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटरपुढं बसतो, त्यामुळं त्यांच्या घरात कॉम्प्युटरमधलं शेवटचं मत त्याचं. त्यानं आधी विचारलं, अण्णांनी कुठला टाकला. मी नाव सांगितलं.  मग तो म्हणाला, "दाजी, तुमच्या भावकीचा टाकला, आमचा न्हाई टाकला. न्हाई, मला राग न्हाई. पण बहिणीच्या परीक्षेचा सवाल हाय म्हणून बोललो."

आता बायकोच्या माहेरचा मान राहिला, हे असं तोंडावर ऐकल्यावर काय करणार? मी म्हटलं, सांग बाबा तुझा. त्यानं मोबाइलवर लिंक पाठवली आणि दीड तास फोनवरून मला नेक्स्ट दाबायला लावलं. मधे एक चौकट आली. इंग्रजी होती, मी शाळेची डिक्शनरी घेऊन बसलो. शब्द जुळवत जुळवत अर्थ लागला तो असा: 'तुमच्याकडे आधीच एक अँटीव्हायरस आहे. तो काढल्याशिवाय मी येणार नाही.'

खरं सांगतो, मला हसू आलं. ही भाषा मला नवी नव्हती. अमका मांडवात असेल तर आम्ही पायरी चढणार नाही, असं म्हणणारे किती जण मी हाताला धरून मांडवात आणलेत! मी चौकट नीट बघितली तर अगदी खाली, बारीक अक्षरात, 'तरीही पुढे जा' असं होतंच. असतंच ते, रुसवा कितीही मोठा असला तरी. दाबलं. आला गुमान. मी दत्ताला म्हटलं, दोघांचं जमवून दिलं.

बुधवारी सकाळी एसटीनं आमचे व्याही उतरले. रंगनाथराव, रोहिणीचे सासरे. पालीहून एवढ्या उन्हात माणूस कशाला आला म्हणून मी बघतोय, तर त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, टोपी काढली, नारळ काढला आणि त्याखालून एक खोकं काढलं. खोक्यावर ढालीचं चित्र. तिसरा अँटीव्हायरस! तोही कंपनीच्या डब्यात, सीडीसकट, आहेरासोबत. ते म्हणाले, "इहीणबाईंच्या परीक्षेसाठी आणलाय, गुरुजी. आपल्या हातानं बसवून जातो."

मुलीच्या सासऱ्याला नाही म्हणणारा बाप मी तरी बघितलेला नाही. सीडीचा खण उघडत नव्हता, तो मी सेफ्टी पिन घालून उघडला. सीडी आत गेली आणि कॉम्प्युटरमधून आजवर कधी न आलेला आवाज यायला लागला. या वेळी दोन चौकटी आल्या, दोन्ही लाल. मी अर्थ बघितला नाही. थेट खालच्या बारीक अक्षरावर गेलो. व्याही खुर्चीवरून हलले नाहीत. दोन चहा, एक जेवण आणि एक डुलकी झाल्यावर त्यांचा अँटीव्हायरस बसला.

संध्याकाळी मंगलनं बघितलं तर पडद्याच्या कोपऱ्यात तीन चित्रं ओळीनं. तिनं विचारलं, "ह्ये तीन कावून?" मी समजावून सांगितलं, की एक माझ्याकडचा, एक तुझ्याकडचा आणि एक मुलीकडचा. कुणाचं मन मोडलेलं नाही. ती आत जाऊन भाकरी थापायला लागली. भाकरीचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता.

गुरुवारी भांडणं सुरू झाली. म्हणजे आमची नाही, त्यांची. सकाळी कॉम्प्युटर लावला तर दत्ताचा अँटीव्हायरस ओरडला, की घरात चोर शिरलाय. चोर कोण बघतो तर अण्णांचा! मग अण्णांचा उठला, तो म्हणाला व्याह्यांची सीडी संशयास्पद आहे. व्याह्यांच्यानं दोघांनाही धोकादायक ठरवलं. प्रत्येक चौकटीखाली दोन बटणं, हो आणि नाही. कुणाला हो म्हणावं? हो म्हटलं तर एकाचा पाठीराखा, नाही म्हटलं तर दुसऱ्याचा वैरी.  शेवटी मी न्यायानं वागलो. एकदा हो, एकदा नाही, पुन्हा हो, पुन्हा नाही. कुणाची पाळी झाली ते विसरू नये म्हणून कागदावर रेघा ओढल्या. मला वाटत होतं, मी फार बारकाईनं चाललोय.

वर तिघांचेही फोन. आमचा चालतोय ना? मी प्रत्येकाला सांगायचो, तुमचाच चालतोय. खोटं नव्हतं, सगळेच चालत होते. फक्त कॉम्प्युटर चालत नव्हता. मंगल शुक्रवारी सरावाला बसली आणि पाच मिनिटांत चार शब्द झाले. मिनिटाला नाही, पाच मिनिटांत चार. ती म्हणाली, उद्या शनिवार आहे, मॅडमना विचारते. आणि पुन्हा म्हणाली, हात लावू नका.

शनिवारी ती केजला गेली आणि मी हात लावला. लावला म्हणजे काय, नुसता चालू केला, तर व्याह्यांच्या अँटीव्हायरसनं नवीन चौकट काढली. त्याला काहीतरी सापडलं होतं आणि ते तो कोठडीत टाकू का म्हणत होता. मी कागद बघितला. पाळी 'हो'ची होती. दाबलं.

दुपारी मंगल घरी आली, हातात मॅडमनी लिहून दिलेला कागद. पिशवी ठेवली, पाणी प्यायली, कॉम्प्युटरपुढं बसली. सरावाचा प्रोग्राम जिथं असायचा तिथं काहीच नव्हतं. तिनं दोनदा शोधलं. मग तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि माझ्याकडं वळली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"त्या बारीला लग्न केलं म्हणून पेपर हुकला," ती म्हणाली. "आता अँटीव्हायरस घातला म्हणून हुकतो का काय?"

मला फार वाईट वाटलं. खरोखरच वाटलं. पेपरला सहा दिवस, आणि बाईच्या हाताखालून मी सरावच काढून घेतला होता. तिनं कागद पुढं केला, मॅडमनी सगळं लिहून दिलंय म्हणाली. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, थांब, तिघांनाही उद्या बोलावलंय, ते आले की त्यांच्यासमोर काय ते ठरवू, नाहीतर मागाहून कुणी म्हणेल आम्हाला विचारलं नाही. मंगलनं कागदाची घडी घातली, डब्याखाली ठेवली आणि पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी जमिनीवर बोटांनीच टाइप करत बसली.

रविवारी तिघं आले. मी प्रत्येकाला वेगवेगळा बोलावला होता, वेळ मात्र तिघांनी एकच धरली. कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत कुणी बसायचं इथूनच सुरुवात. खुर्ची व्याह्यांना दिली, अण्णांना पलंगाची उशाची बाजू दिली, दत्ताला स्टूल. मग मी बटण दाबलं आणि चौघंही पडद्याकडं बघत बसलो.

बऱ्याच वेळानं पहिली चौकट आली ती दत्ताची. दत्ता स्टुलावर ताठ झाला. मग अण्णांची. व्याह्यांची येईना. व्याही चष्मा पुसून म्हणाले, "गुरुजी, आमचा दिसंना की."

 मी पटकन सांगितलं, दादा, प्रमुख मंडळी शेवटी बोलत असतात. व्याही खूश झाले. पण अण्णांनी उशाला टेकलेली पाठ सरळ केली आणि म्हणाले, म्हणजे आम्ही किरकोळ का? मी म्हटलं, तसं नाही, तुम्ही स्वागताध्यक्ष. मग दत्ता मला म्हणाला, दाजी, मग मी पहिला म्हणजे काय, मी नुसता माईक चेक करायला का?  वीस वर्षं माईकवर काढली आणि स्वतःच्या घरात तीन माणसांचा क्रम लावता येईना! एवढ्यात व्याह्यांची चौकट आली, ती नेमकी अण्णांच्या चौकटीवर. अण्णा म्हणाले, बघ, आली बांधावर. आणि कॉम्प्युटर काळा पडला. पुन्हा आपोआप सुरू झाला, पुन्हा दत्ता, पुन्हा अण्णा, पुन्हा काळा. तिसऱ्यांदा काळा पडला तेव्हा खोलीत कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

तेव्हा मंगल आतून आली. हातात मॅडमचा कागद. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांकडं बघून बोलली, "शुक्रवारी माझा पेपर हाय. तुमी तिघांनी मायेनं दिलं, पण मला ह्यातला एकबी नको. मी तिन्ही काढते. कुणाला राग येणार असंल तर शनिवारच्या पुढं या, बसून बोलू."

मी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढं मुलीचं सासर, अण्णांचा बांध आणि दत्ताचं कडा गाव एकाच वेळी आले. आता तिघं उठणार, चपला घालणार, आणि मला तीन घरांना नारळ घेऊन फिरावं लागणार.

पण पहिला आवाज आला तो व्याह्यांचा, आणि तो शांत होता. "काढा की. आमच्या लॅपटॉपसंगं आलता तो. आमी न्हाई टाकला. टाकला की लॅपटॉप हळू होतो, म्हणतंय पोरगं."

मी डोळे उघडले. दत्ता स्टुलावर चुळबुळत होता. त्यानं कबूल केलं, की काट्यावरच्या कॉम्प्युटरला हात लावायची त्याला परवानगी नाही, तिथं काय टाकलंय ते तालुक्याहून येणारा माणूस बघतो. हा अँटीव्हायरस त्यानं मोबाइलवर जाहिरातीत बघितला होता. राहिले अण्णा. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघायला लागलो. अण्णा खाली बघून म्हणाले, दुकानात एकबी न्हाई ठेवला, गिऱ्हाइकाला थांबावं लागतं.

म्हणजे तीन घरांत मिळून एकही अँटीव्हायरस नव्हता. तिन्ही माझ्याकडं होते!

मग पुढचे तीन तास मंगल खुर्चीत बसली. (व्याही स्वतःहून उठले.) मॅडमच्या कागदावर पाच ओळी होत्या. एकेक काढायचा, प्रत्येक वेळी बंद करून चालू करायचं. त्यांनी काही कोठडीत टाकलं असेल तर ते सगळ्यात आधी सोडवून घ्यायचं (सरावाचा प्रोग्राम तिथंच सापडला). कॉम्प्युटरच्या आत कंपनीनं दिलेला एक राखणदार आधीपासून असतो, बाहेरचे आले की तो गप बसतो, त्याला पुन्हा जागा करायचा आणि नवीन करून घ्यायचा. जुन्या कॉम्प्युटरला तेवढा पुरतो. आणि पाचवी ओळ, लाल शाईनं: पेनड्राइव्ह लावायचा नाही, लावू द्यायचा नाही. हे सगळं मला आदल्या दिवशीच मिळत होतं, घरबसल्या, मराठीत.

अण्णा इंग्रजी बटणं वाचून दाखवत होते, दत्ता बंद-चालू करत होता, व्याही अधूनमधून 'झालं का' म्हणत होते. चहा मी केला. तिसरा अँटीव्हायरस निघाला तेव्हा तिघांनी टाळ्या वाजवल्या. रुसलं कुणीच नाही. मला सगळ्यात जास्त कोड्यात टाकलं ते यानं. इतकी वर्षं मी लोकांना सांभाळतोय, आणि मंगलनं चार वाक्यांत तिघांना नाही म्हटलं तर तिघं हसतमुखानं जेवून गेले. जाताना व्याही दारात थांबून तिला म्हणाले, पेपर चांगला द्या. मला काहीच म्हणाले नाहीत.

सोमवारी चोवीस शब्द, मंगळवारी सव्वीस, गुरुवारी एकोणतीस. शुक्रवारी मी तिला मोटारसायकलवरून अंबाजोगाईच्या सेंटरला नेलं आणि बाहेर लिंबाखाली उभा राहिलो. आतून चाळीस-पन्नास जणांच्या टाइप करण्याचा आवाज येत होता, आणि त्यातला तिचा कुठला ते ओळखायचा मी प्रयत्न करत होतो. मुंडावळ्या बांधून मी घोड्यावर बसलो होतो तेव्हासुद्धा असाच एक आवाज कुठंतरी चालू असणार. त्यात तिचा नव्हता. मला गलबलून आलं. शेजारी एक गृहस्थ उभे होते, त्यांनी विचारलं, पोरगी बसली का परीक्षेला? मी म्हटलं, बायको. त्यांनी मला पाणी दिलं.

ती बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, झाला पेपर. केजपर्यंत गाडीवर मागं बसून तिची बोटं माझ्या खांद्यावर टाइप करत होती. काय लिहिते ते विचारायचा मला धीर झाला नाही. निकाल लागला, ती पास झाली, आणि शाळा उघडल्या तशी वसतिगृहाच्या ऑफिसात जाऊन बसली. यंदा लग्नाच्या वाढदिवसाला मी गजरा आणला, तर तिनं गजरा घेतला आणि पहिल्यांदाच पुढं काही म्हणाली नाही.

घरचा कॉम्प्युटर आता बरा चालतो. फक्त चालू केला की पडद्यावर दोन नावं येतात. वर 'मंगल' आणि खाली 'पाहुणे'. पाहुणे म्हणजे मी. पाहुण्यांना फोटो बघता येतात, चारोळ्या लिहिता येतात. नवीन काही टाकायला गेलं की तो मंगलचा पासवर्ड मागतो. मी एकदा पासवर्ड विचारला, तर ती म्हणाली, पाहुण्यांनी बसावं, चहा घ्यावा. घरातल्या मांडणीत पडू नये.

परवा वसतिगृहातून तिचा फोन आला, की यायला उशीर होईल, ऑफिसचा कॉम्प्युटर जुना आहे आणि आज फारच हळू चाललाय. मी लगेच म्हटलं, व्हायरस असणार, मला आता यातला बऱ्यापैकी अनुभव आहे, येऊ का बघायला? फोन कट झाला. मी पुन्हा लावला, पुन्हा कट झाला. तिसऱ्यांदा लावला तर बंदच लागला.

आमच्या गावात रेंजचा लई प्रॉब्लेम हाय.